दोन महायुद्धांमधला फ्रान्स: लोक खरंच चैनीत बुडाले होते का?

पारिजातक

आमच्या वाचनगटात सध्या १९४० सालचा फ्रान्सचा पराभव हा विषय चालू आहे. परवा एका ज्येष्ठ सदस्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "वीस वर्षं नाचगाणी, शॅम्पेन आणि फॅशन, मग जर्मन आले तेव्हा सहा आठवड्यांत हात वर." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून हा धागा.

हे मत आजचं नाही. पराभवाच्या वेळी सरकारची सूत्रं हाती घेतलेल्या खुद्द मार्शल पेतँ यांनी २० जून १९४० च्या रेडिओ भाषणात हेच सांगितलं: पहिल्या महायुद्धातल्या विजयानंतर उपभोगाची वृत्ती त्यागाच्या वृत्तीवर वरचढ ठरली. तहावर सह्या व्हायच्या आधीच पराभवाचं खापर सामान्य माणसाच्या डोक्यावर फुटलं होतं.

पण हा सामान्य माणूस कोण? पॅरिसच्या मोंपार्नास भागातल्या कॅफेत बसणारे चित्रकार आणि परदेशी लेखक म्हणजे फ्रान्स नव्हे. शहरांतली वस्ती खेड्यांपेक्षा जास्त झाली ती थेट १९३१ च्या जनगणनेत. त्याआधी निम्म्याहून अधिक देश गावातच राहत होता. पहिल्या महायुद्धात सुमारे १४ लाख फ्रेंच सैनिक गेले, मागे सहा लाखांच्या आसपास विधवा राहिल्या. लोकसंख्या जेमतेम चार कोटी. त्या घरांत पुढची वीस वर्षं काय चाललं होतं? पैसा, घरं, बायकांची स्थिती, पोरंबाळं, सुट्ट्या, कुणाबद्दल राग होता, कशाची भीती होती, ज्याला जे माहीत असेल ते लिहा.

लोकलचा प्रवासी

जागा पकडून ठेवतो. वाचतोय.

ल्योनवाली

पारिजातक, छान विषय. मी बरीच वर्षं ल्योनच्या शेजारी व्हिलरबानला राहते, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते.

इथे कुठल्याही खेड्यात जा, चर्चजवळ किंवा पंचायतीच्या कचेरीसमोर मृत सैनिकांचं स्मारक असतंच. देशात ३६ हजारांच्या आसपास गावपंचायती, आणि बहुतेकांनी १९१९ ते १९२५ च्या दरम्यान वर्गणी काढून स्मारकं उभी केली. सरकारी अनुदान असायचं, पण ते तुटपुंजं. ओतीव कामाचे कारखाने कॅटलॉग छापायचे, त्यातून गाव आपल्या ऐपतीप्रमाणे सैनिकाचा पुतळा निवडायचं. हातात विजयाची फांदी धरून उभा असलेला एक सैनिक तर शेकडो गावांत सापडतो.

मला आत लागतं ते नावांच्या यादीत. दोनशे-तीनशे उंबऱ्यांचं गाव आणि तीस नावं. त्यातली चार एकाच आडनावाची. दर ११ नोव्हेंबरला (१९२२ पासून ती राष्ट्रीय सुट्टी झाली) शाळेची मुलं समोर उभी राहायची, एकेक नाव वाचलं जायचं आणि प्रत्येक नावानंतर सगळे मिळून "फ्रान्ससाठी मृत" म्हणायचे. ज्या मुलांनी हे दरवर्षी म्हटलं, तीच १९३९ ला भरतीच्या वयात आली. त्यांना चैनीत वाढलेली म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बखरकार

ल्योनवाली, तुमच्या प्रतिसादाला जोडून.

१९२० मध्ये सरकारने कुटुंबांना रणभूमीवरून आपल्या माणसाचा मृतदेह सरकारी खर्चाने गावी आणायची मुभा दिली. सुमारे २ लाख ४० हजार शवपेट्या अशा आणल्या गेल्या. दोन-तीन वर्षं गावोगावच्या स्टेशनांवर या मालगाड्या येत होत्या. ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांच्यासाठी ११ नोव्हेंबर १९२० ला अज्ञात सैनिकाचे अवशेष पॅरिसच्या विजयकमानीखाली आणले. १९२३ पासून तिथली ज्योत रोज संध्याकाळी चेतवली जाते. व्हर्दँजवळच्या दुओमाँच्या अस्थिगृहात सुमारे १ लाख ३० हजार अनोळखी सैनिकांची हाडं आहेत, जर्मन आणि फ्रेंच एकत्र.

सगळी स्मारकं विजयाची नव्हती, हेही सांगायला हवं. क्रूज जिल्ह्यात जांतियू नावाचं खेडं आहे. तिथल्या स्मारकावर सैनिक नाहीच. शाळेचा अंगरखा घातलेलं एक पोरकं मूल मूठ आवळून उभं आहे आणि खाली कोरलंय, "युद्धाला शाप असो". स्मारक १९२२ चं. सरकारी अधिकारी उद्घाटनाला फिरकले नाहीत.

तात्या पेन्शनर

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, तेव्हा पैशाचं बोलतो.

१९१४ च्या आधीचा फ्रेंच मध्यमवर्ग म्हणजे व्याजावर जगणारा. फ्रँक शंभर वर्षांहून जास्त काळ सोन्याला घट्ट बांधलेला. पोटाला चिमटा काढून रोखे घ्यायचे, मुलीच्या हुंड्याला तेच, म्हातारपणालाही तेच. मग १९१८ मध्ये बोल्शेव्हिक सरकारने झारच्या काळातली कर्जं नाकारली. रशियन रोख्यांत लाखो छोट्या गुंतवणूकदारांची पुंजी होती, ती रद्दी झाली. युद्धाच्या वेळी देशभक्ती म्हणून घेतलेल्या सरकारी रोख्यांचं मोल महागाईने खाल्लं. युद्धाआधी एका पौंडाला २५ फ्रँक पडायचे, जुलै १९२६ मध्ये भाव २४० च्या आसपास गेला. पंतप्रधान प्वँकारे यांनी गाडी सावरली, पण १९२८ ला फ्रँकची सोन्यातली किंमत अधिकृतरीत्या ठरली ती युद्धाआधीच्या एक पंचमांश.

म्हणजे ज्याने काटकसर केली तोच बुडाला. ज्या म्हाताऱ्या बाईंनी देशासाठी सोन्याची नाणी बँकेत नेऊन दिली आणि बदल्यात कागद घेतला, त्यांच्या हाती पुढे काय राहिलं? या वर्गाचा लोकशाहीवरचा विश्वास उडाला त्याचं मूळ इथे आहे. ६ फेब्रुवारी १९३४ ला पॅरिसमध्ये संसदेसमोर दंगल झाली, १५ माणसं मेली. निमित्त स्ताव्हिस्की नावाच्या ठगाच्या रोखे घोटाळ्याचं होतं. ज्यांच्या तिजोरीतले कागद आधीच मातीमोल झाले होते, त्यांना तो घोटाळा किती झोंबला असेल याचा अंदाज करा.

कुरडई

तात्या, तुमच्या मुद्द्याला +१. एक भाबडा प्रश्न: घरं कशी होती हो? सिनेमात सगळे मोठ्या खिडक्यांच्या, नक्षीदार छताच्या फ्लॅटमध्येच राहतात.

ल्योनवाली

कुरडई, भाबडा नाही, हाच कळीचा प्रश्न आहे.

पॅरिसमध्ये जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंतीवर अजून निळी एनॅमलची पाटी दिसते: "प्रत्येक मजल्यावर पाणी आणि गॅस". ही त्या काळची जाहिरात! यावरून समजा, किती इमारतींत पाणी अंगणातल्या नळावरून चढवावं लागत असेल. कामगार वस्तीत जिन्याच्या वळणावर सामाईक संडास, एक-दोन खोल्यांत पाच-सहा माणसं, भिंतींना ओल, वर क्षयरोग. आपल्या गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. आंघोळीसाठी नगरपालिकेची सार्वजनिक न्हाणीघरं होती. आठवड्यातून एकदा साबण-टॉवेल घेऊन रांगेत उभं राहायचं.

युद्धात भाडी गोठवली, नंतरही ती पुरती मोकळी केली नाहीत. भाडेकरू वाचले, पण भाड्यासाठी घर बांधण्यात कुणाला रस उरला नाही. लोक पॅरिसबाहेर हप्त्यावर जमिनीचे तुकडे घेऊन फळकुटांच्या खोल्या बांधू लागले. रस्ता नाही, गटार नाही, पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल. १९२८ च्या लुशर कायद्याने स्वस्त कर्ज मिळालं तेव्हा थोडी हालचाल झाली.

मी राहते त्या व्हिलरबानची गोष्ट मात्र अभिमानाने सांगते. इथे लाझार गुजाँ नावाचे समाजवादी महापौर होते, पेशाने डॉक्टर. त्यांनी कामगारांसाठी थेट गगनचुंबी इमारती उभ्या केल्या. १९३४ मध्ये उद्घाटन झालं. सेंट्रल हीटिंग, लिफ्ट, घरात संडास. कर्जाचा बोजा इतका झाला की १९३५ ची निवडणूक ते हरले. इमारती अजून उभ्या आहेत, लोक राहतात, खाली बाजार भरतो.

इंदुरी पोहे

थोडं अवांतर, पण मराठी धागा आहे म्हणून.

त्याच काळात पॅरिसमध्ये आपले यशवंतराव होळकर (दुसरे) आणि संयोगिताराजे होते. प्रसिद्ध छायाचित्रकार मॅन रेने त्यांची छायाचित्रं काढली. बुते द मोंव्हेल या चित्रकाराने यशवंतरावांना एकदा युरोपियन पोशाखात आणि पुढे मराठा दरबारी वेषात रंगवलं. इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यासाठी पॅरिसचा नामांकित फर्निचर डिझायनर रुलमान याच्याकडचं फर्निचर आलं. शिल्पकार ब्रांकुसीची तीन "पक्षी" शिल्पं महाराजांनी विकत घेतले आणि त्यांच्यासाठी मंदिरासारखी वास्तू बांधायची म्हणून ब्रांकुसीला इंदूरला बोलावलं. तो आलाही, पण ते काम झालं नाही.

जे. आर. डी. टाटाही पॅरिसचेच. जन्म १९०४, आई फ्रेंच. फ्रेंच नागरिक असल्याने विशीत त्यांना सक्तीच्या लष्करी सेवेत जावं लागलं आणि स्पाही या वसाहती घोडदळात भरती झाली.

रोखठोक

इंदुरी, माहिती आवडली. पण ब्रांकुसीचे पक्षी घेणारे महाराज म्हणजे पारिजातकताईंच्या गटातल्या सदस्यांचाच मुद्दा झाला की! चैन होतीच.

आणि मी त्या सदस्यांच्या बाजूने थोडं बोलणार. शोक होता, गरिबी होती, मान्य. पण १९३६ मध्ये काय केलं? हिटलरने मार्चमध्ये फ्रान्सच्या सीमेजवळच्या, सैन्यबंदी असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घातलं आणि जूनमध्ये फ्रान्सने आठवडा ४० तासांचा केला, वर दोन आठवडे पगारी रजा. पलीकडे जर्मन कारखाने तोफा ओतत होते. १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देणारा करार करून पंतप्रधान देलादिए म्युनिकहून परतले तर विमानतळावर लोकांनी जयजयकार केला. ज्या समाजाला शेजारी काय शिजतंय ते दिसत नाही, त्याला जबाबदारीतून सूट कशी द्यायची?

सुईदोरा

रोखठोक यांना उत्तर द्यायला जाणकार येतीलच. मी बायकांबद्दल लिहिते, कारण "फॅशन" हा शब्द पहिल्या प्रतिसादापासून टोचतोय.

हो, केस कापले. झगे गुडघ्यापर्यंत आले, कॉर्सेट गेलं. बापांनी आणि नवऱ्यांनी थयथयाट केला. १९२२ मध्ये अशा मोकळ्या मुलीवर कादंबरी लिहिली म्हणून एका लेखकाचा सरकारी सन्मान काढून घेतला गेला. पण केस कापणारी ती मुलगी बहुतेक वेळा टायपिस्ट, दुकानातली विक्रेती किंवा शिक्षिका होती. लग्नाच्या वयाचे लाखो मुलगे मेल्यावर तिने घरी बसून कुणाची वाट पाहायची होती? कमावणं भाग होतं. शेतावर तर युद्धात नांगर बायकांनीच धरला होता.

आणि हक्क? मतदानाचा ठराव लोकसभागृहात १९१९ ला मंजूर झाला, पण वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे सेनेटने, नोव्हेंबर १९२२ ला १५६ विरुद्ध १३४ मतांनी पाडला. बायका पाद्र्यांच्या सांगण्यावरून मत देतील ही पुरोगामी म्हणवणाऱ्या रॅडिकल पक्षाच्या सेनेटरांची भीती. पुढेही सेनेटने तेच केलं. १९३६ मध्ये समाजवादी पंतप्रधान ब्लूम यांनी तीन बायकांना उपमंत्री म्हणून सरकारात घेतलं, त्यात इरेन जोलिओ-क्युरी. नोबेल मिळालेली बाई राज्य चालवू शकते, पण मत देऊ शकत नाही! मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या लुईज वाइस आणि त्यांच्या मैत्रिणींनी सेनेटरांना मोजे भेट दिले: आम्हाला मत दिलंत तरी तुमचे मोजे शिवले जातील. हक्क मिळाला १९४४ ला. लग्न झालेल्या बाईची नवऱ्याची आज्ञा पाळायची कायदेशीर सक्ती १९३८ पर्यंत होती.

वरून मुलं जन्माला घालायचा दबाव. ३१ जुलै १९२० च्या कायद्याने गर्भनिरोधाचा प्रचार गुन्हा ठरला. त्याच वर्षी बहुप्रसवा मातांसाठी पदकं सुरू झाली: पाच मुलांना कांस्य, आठला रौप्य, दहाला सुवर्ण.

लोकलचा प्रवासी

मोज्यांचं भारी आहे. सुईदोरा, पदकांचा उपयोग झाला का?

सुईदोरा

नाही झाला. १९३५ पासून देशात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होऊ लागले. मूल युद्धात मरायला वाढवायचं का, हा प्रश्न ज्या आईच्या मनात आहे तिला पदकाने काय फरक पडणार?

बखरकार

रोखठोक, तुमचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

१९३६ च्या मे-जूनमध्ये सुमारे वीस लाख कामगार संपावर गेले. कारखान्यातच मुक्काम ठोकला. यंत्रांना हात लावायचा नाही, खराब होऊ द्यायची नाहीत, अशी पहारेकऱ्यांची पाळी लावली. बायका कुंपणावरून डबे द्यायच्या, रात्री अकॉर्डियन वाजायचं. मालक आणि कामगार संघटनांमधल्या मातिन्याँ करारात पगार ७ ते १५ टक्के वाढले आणि रजेचा व ४० तासांचा कायदा झाला. तोवर बहुतेक कामगारांना रजा म्हणजे बिनपगारी दिवस. सरकारात क्रीडा आणि विरंगुळ्याचं खातं सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी रेल्वेचं ४० टक्के सवलतीचं तिकीट काढलं, पहिल्या उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोकांनी ते घेतलं. बाकीचे सायकलवरून आजोळी गेले किंवा घरीच राहिले. समुद्रकिनाऱ्यावरच्या जुन्या पाहुण्यांना टोपीवाले कामगार शेजारी आलेले सोसले नाहीत आणि "पगारी रजावाले" ही शिवी झाली. लाग्रांज यांना विरोधी वृत्तपत्रं "आळसाचे मंत्री" म्हणायची. हा माणूस जून १९४० मध्ये आघाडीवर लढताना मेला.

त्याच ब्लूम सरकारने सप्टेंबर १९३६ मध्ये १४ अब्ज फ्रँकचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम मंजूर केला. युद्धानंतरचा तोवरचा सगळ्यात मोठा. ४० तासांमुळे उत्पादनाला सुरुवातीला अडथळा आला हे खरं, पण नोव्हेंबर १९३८ मध्ये ती मर्यादा सैल केली आणि त्याविरुद्धचा सार्वत्रिक संप मोडून काढला.

रोखठोक

लाग्रांज आघाडीवर गेले हे मला ठाऊक नव्हतं, आदर आहे. तरी दोन वर्षं वाया गेली हे तुम्हीही मान्य करताय. माझं मत तेवढ्यापुरतं तसंच.

तात्या पेन्शनर

रोखठोक, त्या दोन वर्षांच्या आधीचीही बघा. मंदी आली तेव्हा १९३५ मध्ये लाव्हाल सरकारने सरकारी नोकरांचे पगार आणि खर्च १० टक्क्यांनी कापले. फ्रँकचं मोल खाली आणायचं नाही म्हणून देश अडून बसला. इंग्लंडने १९३१ लाच पौंड सोन्यापासून सोडवला होता. फ्रान्सने सप्टेंबर १९३६ पर्यंत हट्ट धरला, कारण एकदा फ्रँक बुडालेला ज्यांनी पाहिला होता त्यांना दुसऱ्यांदा ते नको होतं. कारखाने तेव्हाच मागे पडले, रजेमुळे नव्हे.

गावाकडची

शेतकऱ्यांचं कुणीच लिहीना? गव्हाचे आणि वाईनचे भाव तिशीच्या सुरुवातीला कोसळले. वाईन इतकी साठली की सरकारने द्राक्षवेली उपटायला पैसे दिले. आज ज्या दर्जाच्या शिक्क्यामुळे फ्रेंच वाईन जगात महाग विकली जाते, तो १९३५ चा कायदा या संकटातूनच आला. आमच्याकडे नाशिक भागात द्राक्षबागा आहेत, त्यामुळे वेल उपटायची वेळ येणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको.

ल्योनवाली

गावाकडची, अगदी बरोबर. आणखी एक बाजू राहिलीय, ती फारशी अभिमानाची नाही.

माणसं मेली, मुलं होईनात, मग खाणी आणि शेतं चालवायला परदेशी आणले. १९३१ मध्ये २७ लाखांच्या आसपास परदेशी होते, त्यात सुमारे आठ लाख इटालियन, पाच लाख पोलिश. माझ्या घरापासून जवळ व्हो-आं-व्हलँला कृत्रिम रेशमाचा मोठा कारखाना होता. इटालियन, पोलिश, हंगेरियन आणि नरसंहारातून वाचलेले आर्मेनियन तिथे राबायचे. शेजारच्या देसीनमध्ये आर्मेनियन लोकांनी १९३२ ला चर्च बांधलं, ते आजही भरतं.

मंदी आली तशी भाषा बदलली. १९३२ च्या कायद्याने परदेशी कामगारांचं प्रमाण ठरवता येऊ लागलं. १९३४-३५ मध्ये उत्तरेकडच्या खाणींतल्या पोलिश कुटुंबांना कामावरून काढून रेल्वेने परत पाठवलं. मुलं फ्रेंच शाळेत शिकलेली, पोलंड न पाहिलेली. आणि १९३१ ला पॅरिसजवळच्या व्हँसेनमधल्या वसाहत प्रदर्शनात ३ कोटी ३० लाख तिकिटं खपली. अंकोरवटची प्रतिकृती बघायला रांगा. ज्यांच्या देशांवर राज्य करायचा अभिमान होता, त्यांचा माणूस शेजारी राहायला आला की नको. चैनीपेक्षा या वृत्तीवर टीका करा, मी तुमच्याबरोबर आहे.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझं मत ठाम झालंय, ते मांडते.

पेतँ यांनी त्याच भाषणात दुसरंही कारण दिलं: फार कमी मुलं, फार कमी शस्त्रं, फार कमी मित्र. यातली "कमी मुलं" कुणाच्या चैनीतून आली? १९१५ ते १९१९ मध्ये नवरे खंदकात होते म्हणून मुलं जन्मली नाहीत, ती १९३५ पासून सैन्यभरतीत कमी पडली. जर्मन सीमेवर मॅजिनो तटबंदी बांधली ती पोकळी डोळ्यांसमोर ठेवूनच: माणसं नाहीत, तर काँक्रीट लढू दे. म्युनिकनंतरचा जयजयकारही मला यातूनच कळतो. रोखठोक, तो चुकीचा होता, पण विमानतळावर जमलेल्या त्या गर्दीत स्मारकावर नाव असलेल्यांच्या आया आणि बहिणी होत्या. त्यांना आळशी म्हणणं मला अन्याय वाटतो.

१९४० च्या त्या सहा आठवड्यांत पन्नास हजारांहून जास्त फ्रेंच सैनिक मेले. उत्तम सैन्य बेल्जियममध्ये पुढे धाडलं आणि जर्मन रणगाडे आर्देनच्या जंगलातून सदाँला आले. तो निर्णय सेनापतींचा होता. खाणीतल्या कामगाराने १९३६ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, त्याचा नव्हे.

रोखठोक

सेनापतींच्या चुकीबद्दल सहमत. जयजयकाराबद्दल अजून नाही. भीती समजू शकतो, पण चेकोस्लोव्हाकियाच्या लोकांनी तिची किंमत मोजली, तेही या धाग्यात कुठेतरी नोंदलं जायला हवं.

पारिजातक

नोंदलं, आणि ते मला मान्य आहे.

कुरडई

मेमध्ये आम्ही फ्रान्सला जातोय. आयफेल टॉवरशिवाय यातलं काय बघता येईल?

ल्योनवाली

पॅरिसमध्ये पोर्त दोरेचा राजवाडा बघा. १९३१ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला, बाहेरची सगळी भिंत वसाहतींच्या शिल्पांनी भरलेली. आज आत स्थलांतरितांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. उत्तरेला जात असाल तर नव्ह-शापेलला भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ चं. ४,७०० हून जास्त नावं आहेत. लीलहून गाडी भाड्याने घ्या, बस फारशा नाहीत. आणि ल्योनला आलात तर आधी व्यनि (खाजगी निरोप) करा, व्हिलरबानच्या इमारती मी स्वतः दाखवीन. मंगळवार ते शनिवार कधीही चालेल.